झाकण उघडायचं नाही

"ज्या घरात नववर्षाला टेगलाख होत नाहीत ते घर नव्हे, डॉक्टरकडची बाहेरची खोली," असं म्हणून मिन्ना झेफने वृद्धाश्रमाचा अर्ज नवऱ्याच्या पुढ्यात सरकवला. "सही कर."

राएल झेफने चष्मा पुसला आणि अर्ज वाचायला घेतला. त्याने चाळीस वर्षं ग्लेनहेझलमधल्या लोकांचे डोळे तपासले होते. "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" हे वाक्य तो झोपेतही म्हणत असे. त्यामुळे कुठलाही कागद पुढे आला की अर्थाआधी अक्षराचा आकार पाहायचा ही त्याची खोड होती. या अर्जावरची अक्षरं भलतीच मोठी होती. ज्यांना लहान दिसत नाहीत अशांसाठीच तो छापलेला होता आणि तिथेच राएलचा पहिला अपमान झाला.

आठ आठवड्यांपूर्वी मिन्ना न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. हळूहळू हा शब्द मिन्नाच्या कोशात नव्हता. ती बेडरूममध्ये गॅलरीच्या दारापाशी खुर्ची टाकून बसली ती बसलीच. आठ आठवड्यांत तिने कुणाला नावं ठेवली नाहीत. राएलने दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घातले तरी ती काही बोलली नाही. शेजारच्या पोरीने ठरलेलं लग्न मोडलं, तरी मिन्ना "असेल" एवढंच म्हणाली.

मुलगी पर्थहून फोनवर सांगायची, "बाबा, आईचं ऐका. तिथे चोवीस तास नर्स असते." जोहान्सबर्गमधल्या या भागात प्रत्येकाची मुलं पर्थला नाहीतर सिडनीला असतात आणि शहाणपण फोनवरूनच येतं.

राएलला तो आश्रम ठाऊक होता. दर महिन्याला तो तिथल्या मंडळींचे डोळे तपासायला जात असे. जागा छान, जेवण चांगलं, कुंड्यांतून फुलं. वाईट काहीच नव्हतं. फक्त तिथे कुणी कुणाशी भांडत नसे. त्याला मिन्ना तिथे नको होती. सेहेचाळीस वर्षं जिने त्याच्या प्रत्येक वाक्यात चूक काढली, तिने टीव्हीसमोर बसून "असेल" म्हणत राहावं, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून तो म्हणाला, "मी करतो."

"काय करतोस?"

"टेगलाख."

मिन्ना हसली. आठ आठवड्यांत पहिल्यांदा हसली. ते हसू शंभर टक्के अपमानास्पद होतं, तरी राएलला बरं वाटलं.

"तू? तू एकदा अंडं उकडलं होतंस, तेव्हा पाणी घालायचं राहिलं होतं."

"ते अंडं माझ्या आयुष्यात किती वर्षं फिरवणार आहेस? पैज लाव. सणाच्या संध्याकाळी टेबलावर टेगलाख आले तर हा कागद कचऱ्यात. नाही आले तर मी निमूट सही करतो."

"मी मदत करणार नाही."

"नको करूस."

"ब्रसुद्धा काढणार नाही."

"काढलास तर तू हरलीस."

"मंजूर," मिन्ना म्हणाली. तिने अर्ज आपल्या खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवला, वर औषधाची बाटली ठेवली आणि बाटलीला टेकवून पेन. मग ओठ मिटून घेतले.

आता टेगलाख ही ज्यू लोकांच्या, सप्टेंबरात येणाऱ्या नववर्षाची चीज अशी: अंड्यांत मळलेल्या पिठाच्या बोटभर वळ्या करायच्या, प्रत्येकीला गाठ मारायची आणि त्या गाठी उकळत्या पाकात सोडून वर घट्ट झाकण ठेवायचं. तासाभराने त्या फुगून, तांबूस होऊन, चकचकीत बाहेर येतात. सुंठ घातलेली असते. वरून कडक, आतून मऊ, आणि खाणाऱ्याचं वर्ष गोड जातं. लिथुआनियाच्या थंडीतून आलेल्या आज्यांनी ही विद्या आफ्रिकेत आणली आणि नातींना दिली. नातवांना कुणी दिली नाही.

या विद्येत नियम एकच. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. उघडलं की आतली वाफ जाते आणि फुगलेल्या गाठी मान टाकतात. मग जगातली कुठलीही शक्ती त्यांना उठवू शकत नाही.

नियम साधाच, पण माणूस पाहा. ज्याने जन्मभर "बघू, बघू" म्हणत पोट भरलं, त्याला देवाने सांगावं की बघायचं नाही! शिवाय झाकणाआडच्या पाकाचं कुठवर आलं हे आवाजावरून ओळखायचं असतं, आणि राएलचे डोळे शाबूत असले तरी कान गेले होते. कानाचं यंत्र होतं. ते तो खणात ठेवत असे, कारण ते घातलं की लोक काय बोलतात ते ऐकू येई.

कृती विचारायला तो खालच्या मजल्यावरच्या पेस्सी आरोनोविट्झकडे गेला. पेस्सीमावशी शहाऐंशीच्या. त्यांच्या इमारतीत बावीस फ्लॅट होते आणि टेगलाखच्या कृती तेवीस, कारण पेस्सीमावशींच्या दोन होत्या. एक आईची, एक सासूची. सासूची त्या कुणालाही सांगत, आईची कुणालाच नाही.

"सहा अंडी," पेस्सीमावशी म्हणाल्या. "आणि प्रत्येक अंड्यामागे अर्धं टरफल तेल."

"अर्धं टरफल म्हणजे किती मिलिलिटर?"

"अरे, अंडं फोडलंस की टरफलाचे दोन भाग होतात ना? त्यातला एक."

"मोठा की लहान?"

पेस्सीमावशींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सेहेचाळीस वर्षं मिन्नाने कसे दिवस काढले असतील हे त्यांना आज कळलं असावं. "आणि पीठ?" राएलने घाईघाईने विचारलं.

"पीठ घेईल तेवढं."

"कोण घेईल?"

"अंडी घेतील! राएल, तू दुकानातून विकत का आणत नाहीस? सगळे आणतात."

राएलला हे लागलं. तो घरी आला, डोळ्यांत घालायच्या औषधाच्या मापाने सहा अर्ध्या टरफलांतलं तेल मोजलं, सरासरी काढली आणि पीठ मळलं. पीठ हाताला चिकटलं, मग नळाला, मग फ्रीजच्या मुठीला. चाळीस गाठी झाल्या. त्या सगळ्या वेगवेगळ्या आकाराच्या होत्या, पण निष्ठेने मारलेल्या होत्या. मिन्नाच्या रोजच्या मोठ्या पातेल्यात दोन डबे सिरप उकळलं, गाठी सोडल्या आणि झाकण ठेवलं.

पहिली चार मिनिटं तो खंबीर राहिला. पाचव्या मिनिटाला त्याला वाटलं, नुसती फट. फट म्हणजे काही उघडणं नव्हे. त्याने फट करून एक डोळा लावला. गाठी फुगल्या होत्या! इतका आनंद झाला की दुसऱ्या डोळ्यालाही दाखवावं असं त्याला वाटलं. अर्ध्या तासात त्याने झाकण अकरा वेळा उघडलं. अकराव्या वेळी आत चाळीस गाठी नव्हत्या, एकच होती, आणि ती पातेल्याच्या बुडाशी मुक्कामाला आली होती. ती सुटते का हे पाहण्यासाठी त्याने आच वाढवली आणि पेस्सीमावशींना फोन लावला. तिकडे त्या सासूचा स्वभाव सांगत होत्या, इकडे पाक करपत होता. पाक करपताना मोठा तडतडाट होतो म्हणतात. राएलने तो ऐकला नाही. त्याला धूर दिसला, कारण दिसण्यात तो पक्का होता.

मिन्ना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ओठ मिटलेलेच होते. तिने एक लांब श्वास घेतला, निदान चाळीस वाक्यं मावतील एवढा, आणि तो तसाच परत घेऊन ती खुर्चीवर जाऊन बसली. पातेलं गेल्याचं राएलला वाईट वाटलंच, पण तो श्वास त्याच्या जिव्हारी लागला.

दुसऱ्या दिवशी पेस्सीमावशींनी निदान केलं. "वाळवलेस का उन्हात? नाही? मग काय होणार! गाठी आधी उन्हात वाळवायच्या, तासभर, दोन तास."

"हे काल सांगितलं नाहीत."

"काल तू विचारलं नाहीस. आणि ते माझ्या आईच्या कृतीतलं आहे," असं म्हणून त्यांनी तोंडावर हात ठेवला. आईचं गुपित साठ वर्षांत पहिल्यांदा फुटलं होतं.

सप्टेंबरचं ऊन कोरडं, खणखणीत होतं. राएलने साठ गाठींचे दोन ट्रे खाली हिरवळीवर, कपड्यांच्या दोऱ्यांखाली मांडले आणि शेजारी खुर्ची टाकून राखणीला बसला. दहा मिनिटांत सिरिल ब्लोख आले. ब्लोख सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागे: ते "अरे राएल" म्हणाले तर शेजारी म्हणून बोलत असत, आणि "मिस्टर झेफ, तुम्ही" म्हणाले तर पदावरून.

"मिस्टर झेफ, हे काय आहे?"

"टेगलाख आहेत, सिरिल. व्हायचे आहेत."

"सामाईक जागेत खाद्यपदार्थ वाळत घालता येणार नाहीत. नियम चौदा, ब."

"चौदावा नियम कुत्र्यांचा आहे."

"म्हणून तर ब! तुम्हाला अर्ज करावा लागेल. समितीपुढे येईल. बैठक सणानंतर आहे."

"सणानंतर मी टेगलाखांचं काय करू?"

"ते अर्जात लिहा," ब्लोख म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "अरे राएल, सुंठ घालणार आहेस ना? माझी आई फार घालायची."

हा वाद चालू असताना मागे हदेदा उतरले. हदेदा म्हणजे वाकड्या लांब चोचीचा, करड्या रंगाचा पक्षी. पहाटे असा किंचाळतो की वाटावं शेजारी कुणाचा खून होतोय. किंचाळला असता तर राएललाही ऐकू गेलं असतं. पण कामावर असला की तो तोंड बंद ठेवतो. नऊ हदेदांनी साठ गाठी ओळीने तपासल्या. प्रत्येक गाठ चोचीत धरली, क्षणभर विचार केला आणि गवतात टाकून दिली. एकही खाल्ली नाही.

फाटकावरचा पहारेकरी मबूझा धावत आला, पक्षी हाकलले आणि गवतातल्या गाठी वेचू लागला. गडी गंभीर चेहऱ्याचा. दोन-चार गाठी वेचून झाल्यावर म्हणाला, "झेफबाबा, एक बोलू का? हा पक्षी गांडूळ खातो. नाल्यातले किडे खातो. त्याने तुमची वस्तू तोंडात घेऊन टाकून दिली. मी तुमच्या जागी असतो तर जरा विचार केला असता."

वर गॅलरीत पडदा हलला. मिन्ना पाहत होती. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. पैज ती प्रामाणिकपणे पाळत होती.

त्या रात्री राएलने तिवईवरच्या अर्जाकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड करून पडला. अंडी सहाच उरली होती आणि सणाला एकच दिवस.

सणाच्या दिवशी सूर्य मावळला की सण लागतो, त्याच्या आत सगळं उरकायला हवं. भारनियमनाचं वेळापत्रक त्याने फ्रीजवर चिकटवलं होतं: दुपारी दोन ते चार वीज जाणार. म्हणजे दोनच्या आत टेगलाख तयार हवेत. या वेळी गाठी त्याने स्वतःच्या खिडकीत वाळवल्या. खिडकी सामाईक नव्हती. सगळं मनासारखं चाललं होतं, फक्त पातेलं नव्हतं. जाड बुडाचं रुंद पातेलं घरात आणखी एकच होतं, कपाटावरच्या खोक्यात. खोकं चिकटपट्टीने बंद होतं. राएल शिडीवर चढला, पट्टी फाडली, पातेलं काढलं. काय वजन, काय बूड! मिन्नाच्या आईने बोटीतून आणलेलं. असं भांडं घरात असून वर्षभर कुणी वापरत नाही याचं त्याला नवल वाटलं.

ते घेऊन तो बेडरूमवरून गेला तेव्हा मिन्ना खुर्चीतून अर्धी उठली. तिचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तिने डाव्या हाताने हवेत जोरजोरात खुणा केल्या. राएलला वाटलं, पातेलं छान सापडलं म्हणतेय. त्यानेही हात हलवला.

मिन्नाने काठी उचलली आणि जमिनीवर आपटायला सुरुवात केली. खाली पेस्सीमावशींचं छत. तीन मिनिटांत मावशी धापा टाकत वर आल्या. पाक उकळत होता आणि राएलच्या बोटांत पहिली गाठ होती, पाकाच्या वीतभर वर. मावशींनी पातेलं ओळखलं आणि त्याचं मनगट धरलं.

"अरे करंट्या! हे पेसाखचं भांडं!"

गाठ तशीच हवेत राहिली. पेसाख हा वसंतातला सण, त्याच्या आठ दिवसांत घरात पिठाचा कण चालत नाही. त्या दिवसांची भांडी सोवळ्यातली, वर्षभर बंद खोक्यात. पीठ लागलं की ती बाटतात. खोक्यावर तिन्ही बाजूंनी "पेसाख" असं लिहिलेलं होतं आणि ते राएलच्याच अक्षरात होतं. चौथी बाजू भिंतीकडे असायची. गेल्या खेपेला खोकं उलटं ठेवून त्याने कोरी बाजू पुढे आणली होती. चाळीस वर्षं लोकांना अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाने स्वतःचं अक्षर वाचलं नव्हतं.

"पिठाचे हात पुसलेस का पातेल्याला?"

"मी... रबरी हातमोजे घातले होते. आत्ताच काढले."

"देव मूर्खांना सांभाळतो," मावशी म्हणाल्या आणि खाली जाऊन स्वतःचं पातेलं घेऊन आल्या. ते उसनं मिळालं, पण मावशींसकट. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "झाकणावर मी लक्ष ठेवते. तुझ्यावर कुणी ठेवायचं?"

पाक नव्या पातेल्यात ओतला, उकळी फुटली आणि दिवे गेले. साडेअकरा वाजले होते.

"दोन ते चार लिहिलंय!" राएल फ्रीजला म्हणाला. फ्रीजही बंद होता.

वेळापत्रक बदललं होतं. आता चारपर्यंत येणार नाही असं मबूझाने फाटकावरून ओरडून सांगितलं. उकळी बसली. राएल ओट्याला टेकून उभा राहिला. त्याला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. बहात्तर वर्षांचा होता तो. आता आत जावं, पेन उचलावं, सही करावी, संपवावं.

इतक्यात मबूझाच हातात गॅसची छोटी शेगडी घेऊन वर आला. "यावर मी रोज दुपारी मक्याचं पीठ शिजवतो. आज नाही शिजवणार. त्या पक्ष्याचं मत मला पडताळून बघायचंय."

घरात गॅस पेटवायला सोसायटीची बंदी होती. गॅलरी घरात येते की नाही यावर नियम मुका होता, म्हणून शेगडी गॅलरीत गेली. वाऱ्याला आड इस्त्रीचा फळा उभा केला. काड्या शिलगावल्या, उकळी परत फुटली, चाळीस गाठी पाकात पडल्या आणि झाकण बसलं. गॅलरीच्या दाराआड चार हातांवर मिन्नाची खुर्ची होती. ती ओठ मिटून, डोळेही मिटून बसली होती.

मावशी पाच मिनिटांत झोपल्या. तोंड उघडं, हात मांडीवर. झाकणाला आता राखण उरली नाही. खाली ब्लोखांचा जनरेटर घरघरत होता. राएलला एरवीही पाकाचा आवाज कळला नसता, आता तर प्रश्नच नव्हता. पंधरा मिनिटं. वीस. आत काय चाललंय? फुगले? बसले? करपले? एकदा बघितलं की कळेल. नुसती फट. त्याचा हात आपोआप उठला आणि झाकणाच्या मुठीवर गेला.

"हात काढ!"

त्याला ते ऐकू आलं नाही. हातावर चापट बसली तेव्हा कळलं. मिन्ना गॅलरीत उभी होती, केस विस्कटलेले, एक चप्पल पायात, एक मागे. तिने आपला दुखरा उजवा हात, बोटं तशीच ताठ, झाकणावर दाबून धरला.

"उघडायचं नाही! ऐकू येत नाही का तुला? बडबडतोय अजून पाक. गायला लागायचाय."

"मला फक्त जनरेटर ऐकू येतोय."

"सेहेचाळीस वर्षं मी तेच सांगतेय, यंत्र घाल. आच कमी कर. अजून. एवढी नको, मेणबत्ती आहे का ती?"

राएल तिच्याकडे पाहत राहिला. "मिन्ना, तू बोललीस."

"बोलले."

"म्हणजे तू हरलीस."

"गप्प बस, मला पातेलं ऐकू दे."

ती कान देऊन उभी राहिली. राएलही उभा राहिला, ती काय ऐकतेय ते तिच्या चेहऱ्यावर बघत. तिची आई म्हणायची, पाक आधी बडबडतो, मग गातो, मग गप्प होतो. गप्प व्हायच्या आत सुंठ आणि वाटीभर कढत पाणी पडलं नाही तर दगड होतो. अर्धा तास उलटला. मिन्नाने झाकण काढायला लावलं, त्याच्याकडून गाठी हलक्या हाताने उलटवून घेतल्या, परत झाकायला लावलं. फुगल्या होत्या, पण तिने त्याला फार वेळ बघू दिलं नाही. मग पुन्हा ऐकणं. त्याने एकदा तिला विचारलं, "गातोय?" तिने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर जो राग होता तो पाहून राएलला रडू यायचं बाकी होतं. किती दिवसांनी दिसत होता!

"आता येईल वेळ," मिन्ना म्हणाली. "केटली?"

केटली विजेची होती. दोघं एकमेकांकडे पाहू लागले.

नेमके त्याच वेळी ब्लोख दारात आले. हातात नियमावली होती. "मिस्टर झेफ, गॅलरीत उघडी ज्योत, हे तुम्ही—"

"सिरिल!" मिन्ना ओरडली. "खाली जनरेटर कुणाचा घरघरतोय? तुझाच ना? दुपारी चालवायला त्याला परवानगी आहे?"

"तो... तात्पुरता आहे."

"त्यावर केटली चालते ना? कढत पाणी घेऊन ये. पळ!"

"मिन्ना, मी अध्यक्ष म्हणून आलोय."

"अध्यक्ष म्हणूनच पळ!"

सोसायटीच्या इतिहासात अध्यक्ष पहिल्यांदा जिन्यावरून धावले. गेले आणि वाफाळती केटली घेऊन वर आले; मधे नियमावली कुठे पडली ती पडलीच. मिन्ना तोवर पातेल्यावर वाकून "थांब, थांब रे, गप्प होऊ नकोस" असं पाकाला समजावत होती.

"आता! सुंठ! पाणी! मागे हो, उडेल!"

झाकण निघालं, पाणी पडलं आणि फस्सकन वाफेचा ढग उठला. राएलच्या चष्म्यावर धुकं आलं. त्याला पातेलंही दिसेना आणि बायकोही.

"मला दिसत नाही!"

"बघायला सांगितलंय कुणी? झारा घे. टेगलाख काढून ठेवायचा फळा ओला केलायस?"

"कुठला फळा?"

"अरे देवा! थांब, मी पसरते काहीतरी." कागद फडफडला. "हं, काढ. डावीकडे. तुझी डावी, राएल! आता खाली. आता पुढचा. वरचा नको, खालचा काढ."

जन्मभर दुसऱ्यांना वरची ओळ, खालची ओळ सांगणारा माणूस आंधळ्यासारखा झारा चालवत होता आणि एकही टेगलाख जमिनीवर पडला नाही. ब्लोख वाफेत उभे राहून नाकाने सुंठेचा वास ओढत होते. "माझ्या आईचा वास," ते म्हणाले, आणि पदावरून उतरून खुर्चीत बसले. त्या आवाजाने पेस्सीमावशी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "मी झाकणावर लक्ष ठेवलं होतं बरं का."

मबूझाला फाटकावर बशी गेली. त्याने एक फोडून खाल्ला, बराच वेळ चावला आणि निकाल पाठवला: "पक्षी चुकला होता."

संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या. टेबलावर पांढरा कपडा, सफरचंद, मध, गोल पाव आणि मधोमध बशीत टेगलाखांचा ढीग. काही तांबूस, काही काळपट, दोन-तीन बसलेले, पण टेगलाखच. पेस्सीमावशी आल्या होत्या आणि ब्लोखही, कारण पळालेल्या माणसाला जेवायला न बोलावणं बरं दिसलं नसतं. "गोड वर्ष जावो" झालं. मिन्ना ब्लोखांना त्यांच्या टायवरून बोलत होती, मावशींना सासूच्या कृतीवरून आणि राएलला त्याच्या मोज्यांवरून. कुणाचीच सुटका नव्हती.

मावशींनी एक टेगलाख उचलला आणि उलटा केला. "याच्या बुडाला काय रे चिकटलंय? कागद? काहीतरी लिहिलंय. चष्मेवाल्या, वाच."

राएलने तो मेणबत्तीजवळ धरला. पाकात मुरलेला कागदाचा तुकडा होता. अक्षरं मोठी होती, ज्यांना लहान दिसत नाहीत त्यांच्यासाठी छापलेली. "अर्जदाराची स," एवढं वाचता येत होतं. पुढचं दुसऱ्या टेगलाखाला चिकटलं असावं.

त्याने बायकोकडे पाहिलं.

"तो कागद औषधाच्या बाटलीखाली होता," तो हळू म्हणाला. "बाटली उचलावी लागली असेल. पेनही."

"डावा हात होता," मिन्ना म्हणाली. "त्याला अजून सवय नाही. मिळालं ते उचललं त्याने."

राएलने तो टेगलाख कागदासकट तोंडात टाकला. बराच वेळ चावावा लागला. सगळे बघत होते.

"अर्धा मिनिट जास्त झालाय पाक," मिन्ना दुसरा फोडत म्हणाली. "आणि गाठी या कसल्या, बुटाच्या नाड्या बऱ्या. पुढच्या वर्षी तू नुसतं पीठ मळ. गाठींचं मी बघेन."

यंत्र खणातच होतं, तरी हे राएलला स्पष्ट ऐकू आलं.